फाइल ट्रेसिंग इतकं जड का होतं?

एखादा प्रोग्रॅम कोणकोणत्या फाइली उघडतो हे शोधायचं असलं की लिनक्सवर बहुतेकांचा हात आधी एसट्रेसकडे जातो. हे टूल पॉल क्रानेनबर्ग यांनी १९९१च्या सुमारास सनओएस या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलं, ते पुढे लिनक्सवर आलं. त्याचा पाया पीट्रेस, म्हणजे एका प्रोसेसला दुसरीवर नियंत्रण ठेवू देणारी, मूळची डिबगरची (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या टूलची) सोय. डिबगरला घाई नसते. अडचण तिथूनच सुरू होते.

पीट्रेसमध्ये प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) प्रत्येक सिस्टीम कॉलला, म्हणजे फाइल उघडण्यासारख्या कामासाठी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) केलेल्या विनंतीला, दोनदा थांबते, कर्नलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना. दर वेळी एसट्रेसला जाग येते, तो कोणता कॉल आहे हे कळण्यासाठी प्रोसेसरचे रजिस्टर वाचतो आणि मग प्रोसेसला पुढे सोडतो. फाइलचं नावसुद्धा पूर्वी प्रोसेसच्या मेमरीतून आठ-आठ बाइट करत आणावं लागे. २०१२च्या लिनक्स ३.२ने ते एका दमात वाचायची सोय दिली, पण थांबे तेवढेच राहिले.

‘फक्त फाइलींचे कॉल दाखव’ असा फिल्टर लावला की काम हलकं होईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नसे. फिल्टर एसट्रेसच्या आत होता. प्रोसेस आधी थांबायची, कॉल नको असलेला आहे हे नंतर कळायचं. परफॉर्मन्स तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी २०१४मध्ये हे उघडं पाडलं. डीडी कमांडला एकेक बाइट करत सुमारे पाच लाख बाइट कॉपी करायला लावले आणि डीडी कधीच करत नाही असा ‘ॲक्सेप्ट’ कॉल तेवढा ट्रेस केला. दाखवण्यासारखं काहीच नसताना वेळ ४४२ पट वाढला!

निवड कर्नलमध्येच करायची, हे सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या डीट्रेस टूलने २००५मध्ये करून दाखवलं होतं. लिनक्सला ते ईबीपीएफमुळे, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीमुळे साधलं. २०१६च्या ४.७ आवृत्तीपासून ट्रेसपॉइंटला, म्हणजे कर्नलमधल्या ठरावीक निरीक्षण-जागांना, असा छोटा प्रोग्रॅम जोडता येऊ लागला. उघडलेल्या फाइली दाखवणाऱ्या ओपनस्नूपसारखी टूल्स याच जातीची. प्रोसेस थांबत नाही, नोंद बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) पडते. मात्र बफर भरला तर नोंदी गळतात, आणि ही गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत.

एसट्रेसनेही २०१९च्या ५.३ आवृत्तीत सेककॉम्पचा, म्हणजे कर्नलमध्येच सिस्टीम कॉल गाळणाऱ्या सोयीचा, फिल्टर वापरायचा पर्याय आणला. आता नको असलेले कॉल न थांबता निघून जातात. पण फिल्टर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच बसवावा लागतो, त्यामुळे आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला एसट्रेस जोडला तर त्याचा उपयोग नाही. प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रॉडक्शन सर्व्हरवर नेमकी तीच वेळ येते. तिथे मी तरी ईबीपीएफच वापरेन.