ठाण्याचा किल्ला

ठाणे शहरात खाडीजवळ असलेला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि आज ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात असलेला भुईकोट किल्ला. साष्टी बेटाच्या पूर्व कडेला, खाडी ओलांडून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी १७३० च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. परंतु तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पुढे किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले आणि शत्रूला अडवण्यासाठी रचलेला तट कैदी कोंडण्याच्या कामी आला.

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी पेशव्यांकडून ताब्यात घेतलेले, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे येथेच कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा होता आणि त्यांना मराठी कळत नसे. घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार तटाजवळ गाणे म्हणत असे. झाडाखाली घोडा तयार आहे, घोडे पंचावन्न आणि स्वार चोपन्न आहेत, असा त्यात निरोप होता. पंचावन्नावा स्वार कोण, हे आतल्या माणसाला नेमके उमगले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले. कलकत्त्याचे इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर यांनी इंग्रजीत नोंदवलेले हे गाणे शब्दशः खरे मानू नये. तरी पहारेकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत त्यांच्यासमोरच बेत ठरला, हा या आठवणीचा गाभा मोलाचा आहे.

सावकारशाही आणि इंग्रजी अंमल यांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी देण्यात आली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर गेले. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. तिघांचेही मृतदेह नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले नाहीत. त्यामुळे त्यांची आठवण मनात धरून ठाण्यात येणाऱ्याला या तटाशीच यावे लागते. कारागृह चालू असल्याने आतील फाशीच्या जागेपर्यंत मात्र परवानगीवाचून जाता येत नाही.