फाइल कोणाकडे आहे?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावा, एकच प्रश्न ऐकू येईल : "फाइल कोणाकडे आहे?" आमच्या फर्मने एप्रिलमध्ये एक्सेलचा स्टेटस तक्ता बंद करून कामाच्या नोंदीसाठी सॉफ्टवेअर घेतले, ते याच प्रश्नापायी. आमच्याकडे सीएचे काम शिकायला असलेल्या आर्टिकल मुलांना हे सगळे संगणकाचे प्रकरण वाटते. मला विचाराल तर त्याची सुरुवात दिवाळीपासून करावी लागते.

वडोदऱ्यातले व्यापारी चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या, बदलत ते दिवाळीला. आयकराच्या जुन्या व्यवस्थेत ज्याला त्याला आपले हिशेबी वर्ष निवडता येई. कुणाचे दिवाळी ते दिवाळी, कुणाचे डिसेंबरला संपणारे, कुणाचे मार्चला. सीएच्या ऑफिसात काम त्यामुळे हप्त्याहप्त्याने येई आणि वरिष्ठांच्या डोक्यात ते मावत असे. आकारणी वर्ष १९८९-९०पासून सगळ्यांना ३१ मार्च हीच अखेर लागू झाली. त्याच्या आधीच, १९८४च्या वित्त कायद्याने, ४० लाखांवर उलाढाल असलेल्या धंद्याला टॅक्स ऑडिट, म्हणजे सीएकडून हिशेबतपासणी, सक्तीचे केले होते. तेव्हा काम वाढले, आणि पाचच वर्षांत ते एकाच मोसमात येऊन पडले. माझ्या मते आजच्या धावपळीचे मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर विकणारे ते कधी सांगत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊकही नसते.

तेव्हा फर्ममध्ये एक जाडजूड रजिस्टर असे. पार्टी (म्हणजे ग्राहक) कोण, कागद कधी आले, कोणाकडे दिले, कधी परत गेले. घरातले थोर त्याला सरळ बारनिशी म्हणत. शब्द मराठी दफ्तरातला. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी आजही आहे. गायकवाडी राज्याचे दफ्तर ज्या शहरात मराठीत चालले, तिथे हा शब्द घरात शिल्लक राहिला यात नवल नाही. बारनिशीची खुबी एवढीच की ती एकाच माणसाच्या ताब्यात असे. नोंद झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे.

एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉशवर आले, १९८७मध्ये विंडोजवर. आमच्याकडे ते पुष्कळ उशिरा पोचले आणि सुरुवातीला फक्त डेप्रिसिएशनच्या (घसाऱ्याच्या) आकडेमोडीला. कामाची यादी त्यात गेली ती २००६च्या आसपास. त्या एकाच वर्षात एप्रिलमध्ये गुजरातचा व्हॅट हा विक्रीवरचा कर लागू झाला, कंपन्यांना आयकर विवरण ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले आणि कंपनी खात्याचे एमसीए-२१ पोर्टल सुरू झाले. रजिस्टर मागे पडले, तक्ता आला : ओळीत पार्ट्या, रकान्यांत कामे, झाले की हिरवा रंग. पुष्कळ वर्षे तो उत्तम चालला, हेही कबूल केले पाहिजे.

मग १ जुलै २०१७ला जीएसटी आला. मूळ योजनेत तर एका नोंदणीला वर्षाला ३७ विवरणे होती. महिन्याला तीन आणि एक वार्षिक. प्रत्यक्षात जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (गोषवारा आणि कर) धरून मासिक भरणाऱ्याची २४ आणि वार्षिक एक उरली. दोनशे पार्ट्या धरा, वर्षाला पाच हजार चौकटी होतात. तरीही एक्सेल दमले नसते. २००७पासून त्याच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. मोडली ती "सगळ्यांना सारखेच रकाने" ही कल्पना. जानेवारी २०२१पासून पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणाची मुभा मिळाली. एका पार्टीची ३बी २० तारखेला, दुसरीची तिमाही संपल्यावर २२ला, पण तिचा कर मात्र दरमहा. ९सी या वार्षिक ताळमेळाच्या पत्रकावरचा सीएचा दाखला २०२०-२१पासून गेला, आमच्या तक्त्यात त्याचा रकाना दोन वर्षे तसाच उभा होता. २०१९पासून प्रत्येक दाखल्याला आणि अहवालाला यूडीआयएन हा वेगळा ओळख क्रमांक लागू लागला, त्याचा आणखी एक रकाना. मुदत वाढली की दोनशे चौकटींत तारीख बदला.

आणि तक्त्याला धनी नव्हता. कुणीतरी एकच रकाना सॉर्ट केला आणि मकरपुऱ्याच्या इंजिनिअरिंग युनिटचा हिरवा रंग अलकापुरीच्या डॉक्टरांच्या ओळीत जाऊन बसला. हे आमच्याकडे खरेच घडले, आणि कळले ते पोर्टलने लेट फी लावल्यावर. गुगल शीटवर गेलो, "फाइल दुसऱ्याने उघडली आहे" हा त्रास संपला. पण नोंद अजूनही कुणाला आठवली तर व्हायची. त्यात २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनची दोन वर्षांची झाली. पोरगा पार्ट्यांना ओळखू लागतो तोवर त्याची निघायची वेळ होते आणि "शेठ बँक स्टेटमेंट तीनदा मागितल्याशिवाय देत नाहीत" हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

सॉफ्टवेअरने नेमके काय बदलले? दर महिन्याची कामे आपोआप उभी राहतात, प्रत्येकावर एकाचे नाव असते आणि कुणी काय कधी बदलले ते पुसता येत नाही. मला सर्वांत उपयोगी वाटले ते "पार्टीकडे अडले" आणि "आपल्याकडे अडले" हे वेगळे दिसणे. तक्त्यात दोन्हींना "पेंडिंग" म्हणत होतो आणि भांडणे त्यावरूनच व्हायची.

अवघड गेले ते यादी स्वच्छ करणे. एकच पार्टी तीन नावांनी होती : दुकानाचे नाव, मालकाचे, आणि "वाडीवाले काका". शेवटी पॅन हीच ओळख धरली. जीएसटी क्रमांकात पॅन असतोच, त्याआधी राज्याचे दोन आकडे, गुजरातचे २४. ज्यांचा मुंबईतही धंदा आहे त्यांचे २७ वाले क्रमांक तेव्हा पहिल्यांदा एका जागी आले. एप्रिल-मे दोन्ही समांतर चालवले, कंटाळा आला, पण जून उजाडायच्या आत तक्ता फक्त वाचण्यापुरता ठेवला. सप्टेंबरमध्ये हा उद्योग कुणी करू नये.

एक वही मात्र अजून हातानेच लिहितो, डिजिटल सहीच्या टोकनची. टोकन पार्टीने स्वतःकडेच ठेवायला हवे, पण अनेकजण ते आमच्या ड्रॉवरमध्ये सोडून जातात. सॉफ्टवेअरमध्ये त्याचीही सोय आहे. तरी रिसेप्शनच्या ताईंनी वही सोडलेली नाही : तारीख, नाव, दिले, घेतले, सही. सही केल्याशिवाय त्या टोकन हातात देत नाहीत.