क्रॉसिंगवरच्या बटणाच्या डब्याची पार्श्वभूमी

पादचारी सिग्नलच्या खांबावर कमरेच्या जरा वर एक डबा असतो, बटणाचा. सुरुवातीला त्यात एक स्विच, एक छोटा दिवा आणि दोन ओळींची सूचना, बस. आता त्याच डब्यात लाल-हिरवा माणूस, बझर, मोटर, टच सेन्सर असं काय काय कोंबलंय. हे कसं झालं ते सांगायचं तर गोष्ट बरीचशी ब्रिटनची आहे, कारण या डब्यावरून तिथे जेवढा काथ्याकूट झाला तेवढा दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

फार जुनं खोदत बसत नाही. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला संसदेसमोर जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल लागला तोच मुळी खासदारांना आणि पायी जाणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून, हे लोक विसरतात. रात्री त्यात गॅसचा दिवा जळायचा. महिन्याभरात, जानेवारी १८६९ ला, गॅस गळून भडका उडाला, तो चालवणारा पोलीस भाजला आणि तो प्रयोग तिथेच गुंडाळला गेला. पुढे ओलांडायची जागा दाखवणारे १९३४ चे खांबावरचे पिवळे गोळे, १९५१ चे झेब्रा पट्टे, हे माहीत असेलच, त्यात बटणाचा प्रश्नच नव्हता.

बटणाचा डबा घेऊन जो प्रयोग गाजला तो एप्रिल १९६२ चा, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनच्या बाहेर. नाव पांडा. ड्रायव्हरसाठी दोन वेगवेगळ्या वेगांनी लुकलुकणारे दिवे, त्यातला कुठला म्हणजे थांब आणि कुठला म्हणजे बघून जा हे ड्रायव्हरला कळेना आणि चालणाऱ्यालाही. पाच वर्षांत ते बासनात गेलं. मग १९६९ ला पेलिकन आलं ते मात्र टिकलं. त्या डब्यावर लिहिलेलं असायचं की बटण दाबा आणि समोरच्या सिग्नलची वाट बघा, खाली 'थांबा' अशी अक्षरं उजळायची. समोरच्या म्हणजे रस्त्यापलीकडच्या खांबावरच्या. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.

त्याआधी डब्याच्या तळाबद्दल. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे दोन ओळी जास्त लिहिणार. ब्रिटनमधल्या बऱ्याच डब्यांच्या खाली हात घातला की बोटांना एक खाचाखाचांचा छोटा शंकू लागतो, बाटलीच्या बुचाएवढासुद्धा नसेल. हिरवा माणूस लागला की तो गरगर फिरतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे तो, आणि ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी तर तोच आधार. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात हे काम झालं. आता कुणी म्हणेल की आवाज होताच की, पीप पीप वाजायचं, मग शंकू कशाला? तर मध्ये दुभाजक असलेली आणि दोन टप्प्यांत ओलांडायची क्रॉसिंग असतात तिथे एका टप्प्याचा आवाज दुसऱ्या टप्प्यावर उभ्या माणसाला ऐकू जातो, तो आपलाच सिग्नल समजून पाऊल टाकतो आणि समोरून गाड्या चालूच असतात. म्हणून अशा जागी आवाज नको आणि शंकू हवा. गंमत म्हणजे डब्यावर याचा कुठे उल्लेख नाही, वर्षानुवर्षं तेच बटण दाबणाऱ्या डोळस लोकांना पत्ताच नसतो.

ऑस्ट्रेलियाने याच दशकात उलट वाट धरली. त्यांनी आवाज सोडला नाही, तोच सुधारला. ॲल्युमिनियमचा दणकट डबा, वर मोठं गोल बटण, बाण असलेली थरथरणारी पट्टी, आत स्पीकर आणि सोबत माइकसुद्धा, म्हणजे रस्त्यावर गोंगाट वाढला की टकटक आपोआप मोठी आणि रात्री सामसूम झाली की हळू. २०१९ मध्ये एका अमेरिकन पॉप गायिकेने तो आवाज गाण्यात घेतला तेव्हा कुठे जगाला कळलं की असं काही आहे.

आता मूळ भांडण, सिग्नलमधला माणूस समोर हवा की डब्यात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पफिन नावाचा प्रकार आला आणि त्यात रस्त्यापलीकडचा माणूसच काढून टाकला. लाल-हिरवा माणूस आणून बसवला बटणाच्या डब्यात, तुमच्या कोपराजवळ. डबा तुमच्या उजव्या हाताला, कारण तिथे आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, म्हणजे जवळची गाडी उजवीकडून येणार, आणि डब्याकडे बघताना नजर आपोआप येणाऱ्या गाडीवर पडावी. विचार चांगला आहे, नाही म्हणता येणार नाही. शिवाय ज्यांना लांबचं नीट दिसत नाही त्यांना जवळचं दिसतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एकदा रस्त्यात उतरलं की माणूस दिसतच नाही, त्यामुळे अर्ध्या वाटेत हिरवा जाऊन आजीबाईंची तारांबळ उडत नाही, वरचे सेन्सर बघतात की अजून कोणी रस्त्यात आहे का आणि गाड्यांचा लाल वाढवून देतात. बटण दाबून कोणी निघून गेलं तर मागणी आपोआप रद्द.

कागदावर सुंदर. पण बाजाराच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी त्या डब्यासमोर दहा माणसं उभी राहिली की मागच्याला काय दिसणार, पुढच्याची पाठ! मग खांबावर वरच्या बाजूला आणखी एक माणूस लावायचा तोडगा निघाला, म्हणजे जो डब्यात आणला त्यालाच परत वर चढवला. आणि लोकांची सवय समोर बघायची, ती जाते थोडीच. रस्त्याच्या मधोमध पोचून समोर बघायचं आणि तिथे काहीच नाही, हे कित्येकांना भीतीदायक वाटायचं, सेन्सर काळजी घेतोय हे त्यांना कोण सांगणार.

पफिनच्या बाजूने बोलणारे एक आकडा पुढे करतात, २०१० च्या आसपासच्या तुलनेत पेलिकनपेक्षा पफिनवर जखमी होण्याचे अपघात सुमारे १७ टक्के कमी निघाले. आकडा खोटा नाही. पण माझं म्हणणं एवढंच की पफिन लावताना पेलिकनमधला ड्रायव्हरसाठीचा लुकलुकणारा पिवळा (रस्ता मोकळा असेल तर जा) गेला, सेन्सर आले, वेळ लवचिक झाली आणि माणूसही जवळ आला, हे सगळं एकदम बदललं, तर त्या १७ मधलं डब्याचं श्रेय किती हे वेगळं कसं काढायचं? ते न काढताच डबा जिंकला असं म्हणणं मला पटत नाही.

लंडनने स्वतःपुरता निकाल लावूनच टाकला होता. तिथे माणूस बऱ्याच ठिकाणी समोरच ठेवला आणि २०१० पासून त्याच्या शेजारी उलटी मोजणारे सेकंद लावून बघितले, ते लोकांना आवडले. मग ब्रिटनच्या २०१६ च्या नव्या नियमांत दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळालं. नवं पेलिकन लावायला बंदी, पण समोर माणूस असलेला आणि लुकलुकणारा टप्पा नसलेला प्रकार मान्य. जुनी पेलिकन आयुष्य संपेपर्यंत राहतील. त्यामुळे एकाच शहरात एका चौकात माणूस समोर आणि पुढच्या चौकात कोपराशी असं चालू आहे.

बटण खरं की दाखवायला, हा वाद वेगळा, त्यात फार जात नाही. मोठ्या चौकात दिवसा पादचाऱ्यांचा टप्पा ठरलेल्या वेळी येतोच, तिथे बटणाने नुसता 'थांबा' उजळतो. न्यूयॉर्कमध्ये तर २००४ साली बातमी आली होती की शहरातली बहुसंख्य बटणं केव्हाचीच बंद आहेत, काढायला खर्च येतो म्हणून ठेवलीत. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सिडनीने मध्यवस्तीतल्या सिग्नलना सांगून टाकलं की कोणी बटण दाबलंय असंच समजा, हात लावायला नको. सिंगापूरने २००९ पासून खांबावर कार्ड टेकवायची सोय दिली आहे, ज्येष्ठ आणि दिव्यांगांनी कार्ड टेकवलं की हिरवा ३ ते १३ सेकंद जास्त.

आपल्याकडे ऑगस्ट २०२० ला दादर-माहीमच्या सिग्नलवर माणसाच्या जागी बाई आली ती बातमी सगळ्यांनी वाचली, पण तो बदल दिव्यातल्या आकृतीचा, डब्याशी त्याचा संबंध नाही. डबा आपल्याकडे येतो तो 'पेलिकन सिग्नल' या नावाने, बंगळूर, चेन्नई, हैदराबादला तो लागला आहे आणि माणूस रस्त्यापलीकडेच. हैदराबादला तर २०१६ नंतरही नवे लागले, म्हणजे ब्रिटनने ज्या नावाचं नवं क्रॉसिंग बंद केलं त्याच नावाने आपल्याकडे उद्घाटनं चालू होती.