संमतीतली सूट: ‘आधीच जमलेल्या’ माहितीवरचे संशोधन इथवर कसे आले

संशोधनाच्या नीतिमत्तेवरून गेल्या काही वर्षांत जे वाद झाले, त्यांत प्रयोगशाळा क्वचितच दिसते. वाद होतो तो आधीच कुठेतरी पडून असलेल्या ऐवजावरून: रुग्णांच्या नोंदी, समाजमाध्यमांवरचा मजकूर, चित्रकारांची चित्रे, चेहऱ्यांचे फोटो. वैद्यक, व्यवसायनीती, संगणकशास्त्र आणि कला या शाखांतले अभ्यासक एरवी एकमेकांचे निबंध फारसे वाचत नाहीत. पण या एका मुद्द्यावर सगळ्यांची गाठ पडते. माहिती आधीच जमलेली असेल, तर ती वापरताना माणसाला पुन्हा विचारायचे का?

नुरेम्बर्ग (नाझी डॉक्टरांच्या प्रयोगांनंतर आलेली संहिता), हेलसिंकी (डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची घोषणा), टस्कीगी (कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसवरच्या उपचारापासून वंचित ठेवणारा अमेरिकी अभ्यास) ही नावे अनेक वाचकांना ठाऊक आहेत. त्यांतून घडलेली अमेरिकी चौकटही परिचयाची आहे: माणसांवर संशोधन करायचे तर आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सहभागींनी समजून-उमजून दिलेली संमती. त्या मानाने कमी बोलले जाते ते १९८१ च्या नियमावलीतल्या एका सवलतीबद्दल. आधीपासून अस्तित्वात असलेली कागदपत्रे, नोंदी किंवा पेशींचे नमुने वापरायचे असतील, आणि ते सर्वांना खुले असतील किंवा कोणाचे आहेत हे ओळखता येणार नाही अशा रीतीने टिपून घेतले जात असतील, तर ते संशोधन नियमातून वगळले गेले.

त्या काळी हे शहाणपणाचेच होते. जुने केसपेपर चाळून एखाद्या आजाराचे प्रमाण काढणाऱ्या डॉक्टरला पत्ते बदललेल्या शेकडो रुग्णांच्या सह्या गोळा करत फिरायला लावण्यात अर्थ नव्हता. माहिती जमवणे कष्टाचे होते म्हणून ती थोडी होती, आणि एका कपाटातली माहिती दुसऱ्या कपाटातल्या माहितीशी जुळवून पाहणे त्याहून कष्टाचे. सवलत या अडचणींच्या भरवशावर उभी होती. अडचणी गेल्या, सवलत राहिली.

‘ओळखता येणार नाही’ ही अट आधी ढासळली. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या गेल्या. एका विद्यार्थिनीने मतदार यादी मिळवली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल क्रमांक जुळवून थेट राज्यपालांची नोंद शोधून काढली. २००६ मध्ये एका इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांनी केलेले सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी खुले केले, नावांच्या जागी आकडे घालून. काही दिवसांतच पत्रकार त्यातल्या एका आकड्यामागच्या वृद्ध बाईंपर्यंत पोहोचले. २००८ मध्ये एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या समाजमाध्यम-खात्यांचा डेटा कॉलेजचे नाव लपवून प्रसिद्ध झाला. कॉलेज कोणते, हे डेटा न उघडता सोबतच्या माहितीपत्रकावरूनच ओळखले गेले.

एवढे होऊनही ‘आधीपासून अस्तित्वात’ हे शब्द मात्र भक्कम मानले जात होते. ते किती ताणता येतात हे २०१४ च्या जूनमध्ये दिसले.

एका बलाढ्य समाजमाध्यम कंपनीने ११ ते १८ जानेवारी २०१२ या आठवड्यात ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये, म्हणजे त्यांना दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत, ढवळाढवळ केली होती. काहींना मित्रांच्या आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी पोस्ट कमी दाखवल्या, आणि मग ते स्वतः काय लिहितात ते संगणकाने मोजले. भावना संसर्गासारख्या पसरतात, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्ष फरक हजार शब्दांत जेमतेम एका शब्दाचा. निष्कर्ष इतका बारीक नसता तर कदाचित गदारोळ आणखी मोठा झाला असता, पण जो झाला तोही कमी नव्हता. एका विज्ञान अकादमीच्या प्रतिष्ठित नियतकालिकात निबंध आला, लेखकांत एका नामांकित विद्यापीठाशी संबंधित दोघे होते, आणि संमतीविषयी निबंधात एकच वाक्य होते: खाते उघडताना वापरकर्त्याने डेटा-वापराचे धोरण मान्य केले, तीच या संशोधनासाठीची माहितीपूर्ण संमती. प्रयोगाच्या वेळी त्या धोरणात ‘संशोधन’ हा शब्दच नव्हता, तो चार महिन्यांनी घातला गेला, हे नंतर पत्रकारांनी दाखवून दिले.

टीकेचा सगळा भर कंपनीवर पडला. तो चुकीचा नव्हता, पण खरा वादग्रस्त निर्णय विद्यापीठाच्या समितीचा होता आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. समितीने प्रस्ताव फेटाळला नाही आणि मंजूरही केला नाही. तो तपासण्याची गरजच नाही, असे ठरवले. प्रयोग कंपनीने स्वतंत्रपणे केला, विद्यापीठाच्या प्राध्यापकाच्या हाती फक्त निकाल आले, म्हणून ते ‘माणसांवरच्या संशोधनात थेट गुंतलेले’ नाहीत, असा युक्तिवाद. निबंध तपासणाऱ्या संपादकांचीही, डेटा आधीपासूनचा आहे या आधारावर समितीची हरकत नव्हती, अशीच समजूत झालेली होती.

ही दोन्ही कारणे निबंधासमोर टिकत नाहीत. प्रत्येक शोधनिबंधाखाली कोणी काय काम केले याची एक ओळ असते. या निबंधातल्या ओळीत संशोधनाची आखणी करणाऱ्यांत तिन्ही लेखकांची नावे आहेत. आखणी करणारा माणूस प्रयोगात गुंतलेला नसेल तर कोण असतो? आणि डेटा आधीपासूनचा म्हणावा, तर १० जानेवारीला तो नव्हता. लोकांनी त्या आठवड्यात जे लिहिले ते बदललेल्या फीडकडे पाहून लिहिले, म्हणजे डेटा प्रयोगानेच निर्माण केला. १९८१ च्या नियमात ‘आधीपासून’ होते ते संशोधनाचा प्रस्ताव येण्याआधीपासून या अर्थाने. इथे ‘समितीच्या टेबलावर कागद येण्याआधीपासून’ असा अर्थ लावला गेला, आणि तसा लावला तर कुठलाही प्रयोग आधी उरकून घेऊन नंतर निकालांवर निबंध लिहिता येतो.

जुलैमध्ये नियतकालिकाने चिंता व्यक्त करणारे संपादकीय टिपण छापले. डेटा गोळा करताना संमती आणि बाहेर पडण्याची मुभा ही तत्त्वे पूर्णपणे पाळली गेली नसावीत, पण खासगी कंपनी त्या नियमांनी बांधील नाही, असा त्याचा सूर होता. निबंध मागे घेतला गेला नाही. ऑक्टोबरमध्ये कंपनीने अंतर्गत तपासणीची पद्धत जाहीर केली. सरकारी पैशाने चालणाऱ्या संशोधनासाठी लिहिलेले नियम कंपनीच्या दारापर्यंतच जातात, हे या प्रकरणाने उघड झाले, आणि मग विद्यापीठांनी कंपन्यांशी हातमिळवणी करावी की नाही यावर व्यवसायनीतीत लेखांची रांग लागली.

त्या लेखांतला एक प्रतिवाद दखल घेण्याजोगा आहे. कंपन्या रोजच पानाचे दोन नमुने दोन गटांना दाखवून तुलना करतात. न विचारता सगळ्यांवर एकच नमुना लादला तर कोणी तक्रार करत नाही, तुलना केली की मात्र ओरड होते. २०१९ मध्ये १६ अभ्यासांच्या एका मालिकेने ही विसंगती मोजूनही दाखवली: दोन्ही धोरणे स्वतंत्रपणे मान्य असणारे लोकही त्यांची तुलना करणाऱ्या प्रयोगाला नाक मुरडतात. मुद्दा बिनतोड आहे. फक्त बटणाचा रंग बदलणे आणि मित्राचे दुःख लपवणे यांना एकाच तराजूत घालण्याइतका तो बिनतोड नाही.

वैद्यकात याच काळात दोन गोष्टी घडल्या. नावे काढून टाकलेल्या पेशी-नमुन्यांसाठीही रुग्णाची संमती घ्यावी, असा प्रस्ताव अमेरिकेत २०१५ मध्ये आला. संशोधन अडेल अशी हाकाटी झाली आणि २०१७ च्या अंतिम नियमातून तो वगळला गेला. बाल्टिमोरमधल्या एका रुग्ण स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या होत्या. त्याची चर्चा ऐन भरात असताना हे झाले. दुसरी गोष्ट लंडनची. मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना देणारे अॅप तपासण्यासाठी २०१५ मध्ये सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी एका कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीला दिल्या गेल्या. उपचारासाठीची संमती गृहीतच असते, असे समर्थन होते. उपचार आणि चाचणी एक नव्हे, असे सांगत माहिती-संरक्षण यंत्रणेने जुलै २०१७ मध्ये कायदा पाळला गेला नसल्याचा निर्वाळा दिला.

संगणकशास्त्रात २०२१ चे प्रकरण जवळजवळ विनोदी आहे. खुल्या प्रणालीत कोणी मुद्दाम सदोष कोड घुसवू शकतो का, हे पाहायला एका विद्यापीठाच्या संशोधकांनी तसा कोड लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीची देखभाल करणाऱ्यांकडे पाठवला. हे माणसांवरचे संशोधन नाही, असे समितीने ठरवले. कोड तपासण्यात वेळ घालवणाऱ्या माणसांना ते पटले नाही. त्यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाचे योगदान रोखले आणि निबंध मागे घ्यावा लागला.

कलेच्या क्षेत्रात प्रश्न उशिरा पोहोचला खरा, पण त्याचे सर्वांत बोचरे रूप तिथेच दिसते. २०१९ मध्ये एका कलाप्रकल्पाने संगणकाला ‘बघायला’ शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध संग्रहात माणसांच्या फोटोंना कसली अपमानकारक लेबले चिकटली आहेत हे लोकांना स्वतःच्याच चेहऱ्यावर करून बघायला दिले. त्यानंतर सुमारे ६ लाख चित्रे काढण्याची घोषणा झाली. मार्च २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका ना-नफा गटाने ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांची यादी संशोधनासाठी म्हणून प्रसिद्ध केली. यादीत चित्रे नव्हती, फक्त दुवे. त्यांवर शिकलेली चित्रनिर्मितीची साधने काही महिन्यांतच बाजारात आली.

त्याच वर्षी एका महिला कलाकाराला या यादीत स्वतःचे फोटो सापडले, डॉक्टरांनी २०१३ मध्ये उपचारांदरम्यान काढलेले. तिने सही केली होती ती फोटो फक्त तिच्या वैद्यकीय फाईलमध्ये ठेवण्यापुरती. फोटो आमच्याकडे नाहीतच, ज्या संकेतस्थळावर आहेत त्यांना सांगा, हे संग्रहकर्त्यांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होते. वैद्यकातली संमती, खुल्या डेटाची सवलत, कंपन्यांचा वापर आणि कलाकाराची तक्रार या चारही गोष्टी एका फोटोत आल्या, आणि जबाबदार मात्र कोणीच ठरले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयात एका छायाचित्रकाराचा याच गटाविरुद्धचा दावा फेटाळला गेला. त्याचे छायाचित्र ज्या संकेतस्थळावर होते तिथल्या अटी स्वयंचलित वापराला मनाई करत होत्या. पण २०१९ च्या युरोपीय निर्देशानुसार वैज्ञानिक संशोधनासाठी सूट आहे, आणि संग्रह तयार करणे हेही संशोधनच, असे न्यायालयाने मानले. पुढे तो कंपन्या वापरतात, याने त्यात फरक पडला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये झुरिकच्या संशोधकांचा प्रयोग उघड झाला. मतपरिवर्तनासाठीच असलेल्या एका चर्चामंचावर त्यांनी यंत्राकरवी हजाराहून अधिक प्रतिक्रिया लिहवल्या होत्या, कधी अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तीच्या नावाने, कधी मानसोपचार समुपदेशक म्हणून. आणि समोरच्याचे वय, लिंग, राजकीय कल यांचा अंदाज त्याच्याच जुन्या, सर्वांना खुल्या पोस्टवरून बांधला होता. नीतिमत्ता समितीने सहभागींना शक्य तितकी माहिती देण्याचा आणि मंचाचे नियम पाळण्याचा सल्ला आधीच दिला होता. तो बंधनकारक नव्हता. प्रमुख संशोधकाला ताकीद मिळाली, निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरले, आणि यापुढे तपासणी कडक करू, असे विद्यापीठाने सांगितले.