राज्यपालांनी सहीच नाही केली तर?

हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात सिव्हिल लाइन्सकडं बॅरिकेड अन् ट्रॅफिकची पार वाट. परवा तर्री पोह्याच्या ठेल्यावर एक जण म्हणे, भाऊ, एवढा राडा करून बिल पास करतात अन् राज्यपालांनी सहीच नाही केली तर? बरोबर विचारलं बे!

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षानं व्हेटो मारला, म्हणजे बिल नाकारलं, तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. सिनेटमध्ये १०० जण, सगळे हजर असले तर ६७ पाहिजेत, म्हणजे ३४ जण अडून बसले की खेळ खल्लास. पहिला व्हेटो मोडायला तिथं १८४५ उजाडलं.

आपल्याकडं घटनेचं कलम २००. पैशाचं बिल सोडून बाकी बिलं राज्यपाल फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण आमदारांनी तेच बिल स्वल्पविरामही न बदलता पुन्हा पास केलं तर संमती द्यावीच लागते, अन् त्याला साधं बहुमत पुरते. विधानसभेत २८८ पैकी समजा २०० जणांनी मत दिलं, तर १०१ हात वर झाले की झालं (मग परिषदेतही तसंच), अमेरिकेच्या हिशोबानं १३४ लागले असते. दिल्लीतही हेच, २००६ च्या मे महिन्यात राष्ट्रपती कलामांनी लाभाच्या पदाचं (खासदारकी न जाता कोणती पदं घेता येतात ते ठरवणारं) बिल परत पाठवलं, संसदेनं जसंच्या तसं पुन्हा पास केलं अन् ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली.

म्हणजे 'नाही' म्हटलं तर इलाज आहे, गोम आहे ती गप्प बसण्यात. १९८६ मध्ये लोकांची पत्रं अडवायची पॉवर सरकारला देणारं पोस्टाचं बिल तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंगांकडं गेलं, त्यांनी ना सही केली ना परत पाठवलं, आता जे परतच आलं नाही ते पुन्हा पास कसं करणार? अमेरिकेत काँग्रेस (तिथली संसद) चालू असताना रविवार सोडून दहा दिवस गप्प बसलं तर बिल आपोआप कायदा होते. आपल्या घटनेत राज्यपालांसाठी फक्त 'शक्य तितक्या लवकर', आता याचा अर्थ ज्यानं त्यानं लावायचा. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूच्या राज्यपालांकडं अडकलेली १० बिलं मंजूर झाली असं धरलं, पण नोव्हेंबरात पाच जजांच्या बेंचनं सांगितलं की कोर्टाला राज्यपालांसाठी मुदत ठरवता येत नाही, विनाकारण फारच लांबवलं तर निर्णय घ्या एवढंच सांगता येईल.

अन् राज्यपालांनी बिल राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं तर विषयच वेगळा. तिथून परत आलेलं बिल पुन्हा पास केलं तरी राष्ट्रपतींवर सहीचं बंधन नाही, मग इथं १०१ काय, २८८ हात वर झाले तरी.