कोठडी, ताबा, स्वाधीन : बाल न्याय कायद्यातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यात मोटारीखाली दोन तरुण दगावले त्या प्रकरणात २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला निरीक्षणगृहातून, म्हणजे चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवायच्या जागेतून, सोडले आणि आत्याच्या स्वाधीन केले. त्याला जामीन मिळाला, असा अनेकांचा समज झाला. जामीन त्याला महिनाभर आधीच, १९ मे रोजी मिळाला होता. न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता. जामिनावर सुटलेला मुलगा निरीक्षणगृहाच्या दाराआड कसा, आणि तो तिथे कोणाच्या ताब्यात आहे? या प्रश्नाला जवळपास पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय मराठीत बोलताना आपण त्यात आणखी थोडा गोंधळ घालतो.

मोठ्या माणसाला अटक झाली की आपण ‘कोठडी’ म्हणतो. आईवडील विभक्त झाले की मुलाचा ‘ताबा’ कोणाकडे, असे विचारतो. सरकारी अनुवादात ‘अभिरक्षा’ येते. इंग्रजी कायद्यात या सगळ्यांना एकच शब्द आहे, ‘कस्टडी’. बाल न्याय कायद्यात मुलाला ‘अटक’ होत नाही, त्याला ‘ताब्यात घेतले’ जाते. हाच वाक्प्रयोग वर्तमानपत्रे मोठ्या संशयितांसाठीही वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात ताबा म्हणजे अटकेची पहिली पायरी असेच बसते. कायद्याला अभिप्रेत असलेला ताबा मात्र पालकाच्या ताब्याच्या जवळचा आहे. पोलिसांनी मुलाला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करायचे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे मुलांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे, आणायचे आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. निरीक्षणगृहाची पाटी बदलून बराच काळ लोटला, तरी लोकांच्या तोंडी ते अजून ‘रिमांड होम’च आहे. या जुन्या नावातच जुनी समजूत टिकून आहे.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५० च्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला बांधून देण्याची सोय केली. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हाच मानले नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पाहायला सांगितले. १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे आले. मुलाला तुरुंगातून काढून शाळेत पाठवायचे, पण ही शाळाही बंदच. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयांचा आग्रह धरला. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालक कायदे केले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, मुंबईने आपला कायदा नव्याने लिहिला.

या सगळ्यामागची कल्पना मात्र बाहेरून आली होती. ज्याला कोणी नाही त्याचा पालक राजा, हे इंग्लंडमधले जुने तत्त्व. १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे पहिले बाल न्यायालय सुरू झाले तेव्हा त्याचा पाया हेच तत्त्व होते. न्यायाधीशाने वडिलांसारखे वागायचे, वकील नको, साक्षीपुरावा नको, कारण शिक्षा द्यायचीच नाही. मुलाला स्वातंत्र्याचा नव्हे तर ताब्यात असण्याचा हक्क असतो, असे त्या काळी मांडले जाई. घरी आई तरी मुलाला कुठे मोकळे सोडते, हा त्यामागचा युक्तिवाद. ऐकायला मायेचे वाटणारे हे वाक्य प्रत्यक्षात काय करू शकते, हे १९६० च्या दशकात अमेरिकेच्याच अॅरिझोना राज्यात दिसले. शेजारणीला फोनवरून अश्लील बोलल्याच्या आरोपावरून पंधरा वर्षांच्या एका मुलाला पोलीस घेऊन गेले, घरी निरोपही ठेवला नाही. त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षे, सुधारशाळेत धाडले गेले. तोच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर त्याला ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. आरोपाची सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क मुलालाही आहे, असे बजावले. भल्यासाठी घेतलेला ताबाही बंदिवासच असतो, हे एका मोठ्या न्यायालयाने तेव्हा इतके स्पष्टपणे मान्य केले.

भारतात ही जाणीव यायला वेळ लागला. १९६० च्या केंद्रीय बालक कायद्याने उपेक्षित मुलांसाठी मंडळ आणि गुन्हा केलेल्यांसाठी न्यायालय अशी विभागणी केली, पण तो फक्त केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. राज्याराज्यांत कायदे निराळे, वयाच्या मर्यादा निराळ्या. तुरुंगांत असलेल्या मुलांचा प्रश्न एका महिला पत्रकाराने सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये असे सांगून देशभर एकच कायदा असावा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा मंजूर झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बाल ठरली.

१९८६ च्या कायद्याचे कौतुक होते, आणि ते योग्यही आहे. पण त्यातली एक खोट सहसा सांगितली जात नाही. भीक मागणारे, घर नसलेले, वाईट संगतीत सापडलेले पोर ‘उपेक्षित’ आणि चोरी केलेले पोर ‘अपचारी’ अशी दोन नावे त्याने दिली खरी, पण चौकशी संपेपर्यंत दोघांनाही एकाच निरीक्षणगृहात ठेवायची मुभा दिली. फलाटावर झोपलेला दहा वर्षांचा मुलगा आणि दरोड्यात धरलेला पंधरा वर्षांचा मुलगा एकाच छताखाली. शिवाय ‘आवरत नाही’ म्हणून आईबापच मुलाला अधिकाऱ्यांपुढे उभे करू शकत होते. ताबा काळजीसाठी की शिस्तीसाठी, हे त्या कायद्याने ठरवलेच नव्हते.

मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ मध्ये मंजूर झाली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ती स्वीकारली. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक, आणि मुलाला ताब्यात ठेवणे हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी, ही त्या संहितेची भाषा. २००० च्या नव्या कायद्यात तिची छाप आहे. १ एप्रिल २००१ पासून मुलगा-मुलगी दोघांसाठी अठराची मर्यादा आली. ‘अपचारी’ गेला, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृहे आणि बालकल्याण समिती वेगळी झाली. ‘विधिसंघर्षग्रस्त’ हा शब्द जड आहे, उच्चारताना जीभ अडखळते, पण तो मुलावर गुन्हेगाराचा शिक्का मारत नाही. त्यासाठी तो वापरावा, असे मला मनापासून वाटते.

वय कोणत्या दिवशी मोजायचे, हा वाद त्याच सुमारास पेटला. गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले होते. २००० मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने न्यायालयापुढे आणल्याच्या दिवशीचे वय धरले. म्हणजे मुलगा उशिरा सापडला, की आपोआप मोठा. २००५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने गुन्ह्याचा दिवस पुन्हा कायम केला. २००६ च्या दुरुस्तीने तर आपण तेव्हा बालक होतो हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येईल असे स्पष्ट केले. मुलाला ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली जामिनावर सोडण्याची सोयही त्याच दुरुस्तीत आली. पुढे पुण्यात जो प्रश्न उभा राहिला, त्याची एक किल्ली इथे आहे.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर हवा बदलली. आरोपींपैकी एक अठराच्या आत होता. त्याला कायद्याप्रमाणे विशेष गृहातील तीन वर्षे झाली आणि देशभर संताप उसळला. अठराची मर्यादा खाली आणू नये, असे संसदेच्या स्थायी समितीने सांगितले होते. तरी डिसेंबर २०१५ मध्ये, त्या मुलाची मुदत संपून तो बाहेर आला त्याच आठवड्यात, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर ‘अतिगंभीर’ गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि परिस्थिती पाहून त्याला मोठ्या माणसाप्रमाणे खटल्याला सामोरे जाण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येते. सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप आणि फाशी मात्र नाही.

‘अतिगंभीर’ म्हणजे काय, हे मसुद्यात अर्धवटच राहिले. किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असलेला गुन्हा, अशी व्याख्या होती. पण जिथे कमाल शिक्षा मोठी आणि किमान शिक्षा लिहिलेलीच नाही, त्या गुन्ह्यांचे काय? २०१६ मध्ये दिल्लीत अठरा पूर्ण व्हायला काहीच दिवस उरलेल्या एका मुलाच्या गाडीखाली एक तरुण मरण पावला, त्यातून हा प्रश्न २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. असे गुन्हे ‘गंभीर’ धरायचे, ‘अतिगंभीर’ नव्हे, असा निकाल लागला. २०२१ च्या दुरुस्तीने तो कायद्यात लिहिला गेला. पुण्यातल्या मुलावरचा सदोष मनुष्यवधाचा आरोपही याच ‘गंभीर’ गटात मोडतो.

पुण्याचे प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. त्याच दिवशी मंडळाच्या एका सदस्याने मुलाला आजोबांच्या हमीवर जामीन दिला. सोबत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. दोन घरांतली तरणीताठी मुले गेली असताना निबंध ऐकून लोक खवळले, आणि तो संताप खोटा नव्हता. पण या कायद्यात मुलाला जामीन हाच नियम आहे. तो तीनच कारणांनी नाकारता येतो. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका, किंवा सुटकेने न्यायाचा हेतू विफल होणे. गुन्ह्याचे गांभीर्य यांत नाही, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे.

पुढे जे झाले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. २२ मे रोजी मंडळाने जामीन रद्द न करताच मुलाला निरीक्षणगृहात पाठवले आणि ५ व १२ जूनला मुदत वाढवली. जामीन कायम आहे, फक्त देखरेख आजोबांकडून काढून घेतली, अशी सरकारची बाजू होती. म्हणजे ‘ताबा’ हा शब्द पालकाच्या अर्थाने घ्यायचा आणि कोठडीच्या अर्थाने वापरायचा. एव्हाना आईवडील व आजोबा यांना वेगवेगळ्या गुन्ह्यांत अटक झाली होती, म्हणून आत्याने बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध याचिका केली. उच्च न्यायालयाने तिन्ही आदेश बेकायदा ठरवले. जामीन आहे आणि दारही बंद आहे, हे एकत्र नांदू शकत नाही. समुपदेशन चालू ठेवून मुलाला आत्याकडे सोपवले गेले. त्याला मोठ्याप्रमाणे खटल्याला उभे करण्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. २०२० च्या निकालानंतर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

घटस्फोटातील ताब्याचे वाद या चौकटीबाहेर, १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यासारख्या वेगळ्या कायद्यांखाली चालतात. बालकल्याण समितीकडे ज्याला सांभाळणारे कोणी नाही, किंवा घरीच धोका आहे, ते मूल येते. आईवडिलांनी मूल समितीकडे सोडले तरी फेरविचाराला त्यांना दोन महिने असतात. त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळे होते. या खोल्यांत वार्ताहर क्वचितच फिरकतात.

२०१५ च्या कायद्यातील बाराव्या कलमाचे चौथे पोटकलमही असेच फारसे चर्चेत येत नाही. जामीन मिळूनही ज्या मुलाला सात दिवसांत अटी पुऱ्या करता येत नाहीत, त्याला अटी सैल करण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणायचे. ज्याच्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेणारी आत्या नाही, जामीनदार नाही, किंवा ज्याचे आईवडील शेकडो मैलांवर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आहेत, अशा मुलासाठी ही ओळ आहे. आठव्या दिवशी त्याला कोणीतरी आठवणीने मंडळापुढे न्यायचे असते.