कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो का?

"तळाला खडीचा थर द्या, म्हणजे पाणी साचणार नाही आणि मुळं कुजणार नाहीत." शहरातल्या सामूहिक शेतीवर श्रमदानाला येणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. पटतंही, कारण नुसत्या खडीतून पाणी झरझर निघून जातं.

पण कुंडीत खडीच्या वर माती असते. मातीतली बारीक छिद्रं पाणी घट्ट धरून ठेवतात, आणि खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. म्हणून मातीचा सर्वात खालचा भाग पुरता गच्च भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. असा ओला पट्टा प्रत्येक कुंडीच्या तळाशी असतो. खडीमुळे तो नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ!

करून बघा. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबलं की न पिळता तोच उभा धरा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. खडी मातीची उंची कमी करते, म्हणजे नेमकं उलटं होतं.

मग करायचं काय? कुंडीची भोकं मोकळी ठेवा. माती वाहून जात असेल तर भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. माती चिकण असेल तर परलाइटसारखं (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) भरड काही तरी सगळ्या मातीत मिसळा, वेगळा थर करू नका. कुंड्या आधीच खडी घालून भरल्या असतील तर घाईने उपसू नका, पुढच्या वेळी माती बदलताना काढा.